नवे नगरसेवक कामाला तयार असतात का? नगरपरिषद आणि नगरपंचायतीतल्या नव्या सदस्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींपुरते आहेत. त्यांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 या कायद्याने चालतो. महापालिकांचा कायदा वेगळा, ग्रामपंचायतींचा वेगळा. उत्तरं नव्या नगरसेवकांसाठी आहेत, तशीच त्यांना निवडून देणाऱ्यांसाठीही.

थेट विचारतो: निवडून आलेला नवा नगरसेवक कामाला तयार असतो का?

अर्ध्या कामाला असतो. लोकांमध्ये फिरणं, तुंबलेल्या गटारीसाठी मुकादमाला फोन लावणं, दवाखान्यात धावून जाणं, हे बहुतेकांना निवडणुकीच्या आधीपासून येतं, आणि त्याच बळावर ते निवडून येतात. उरलेलं अर्धं काम कागदावरचं: विषयपत्रिका, अंदाजपत्रक, विकास योजनेचा नकाशा आणि कामाची मोजमाप पुस्तिका. हे चार कागद वाचायला प्रचारात कोणी शिकवत नाही आणि निवडून आल्यावरही फारसं कोणी बसवून समजावत नाही. शहराचे मोठे निर्णय मात्र याच चार कागदांवर होतात. पहिल्या शंभर दिवसांत जो ते वाचायला शिकतो, त्याची पाच वर्षं कामी येतात. जो शिकत नाही, तो पाचही वर्षं "साहेब, माझ्या वॉर्डाचं तेवढं बघा" म्हणत टेबलाटेबलाने फिरतो.

प्रशिक्षण सक्तीचं आहे का? ते कुठे मिळतं?

शपथ घेण्याआधी किंवा सभेत बसण्याआधी प्रशिक्षण घेतलंच पाहिजे अशी अट नाही. पुण्याची यशदा (राज्य शासनाची प्रशिक्षण संस्था) आणि 1926 मध्ये मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था लोकप्रतिनिधींसाठी वर्ग घेतात. ते दोन-तीन दिवसांचे असतात आणि त्यात कायद्याची कलमं भराभर सांगितली जातात. ओळख होण्यापुरतं ते ठीक आहे. आमचं मत स्पष्ट आहे: आपल्याच नगरपरिषदेचं गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक समोर ठेवून लेखापालाबरोबर घालवलेली एक दुपार त्याहून जास्त शिकवते. वर्गाला जाणार असाल तर ते अंदाजपत्रक आणि शेवटच्या दोन सभांची इतिवृत्तं बरोबर न्या आणि शंका त्यातूनच काढा.

या वेळच्या सदस्यांना जास्त अडचण येते असं का म्हणतात?

मध्ये खंड पडला म्हणून. बहुतेक नगरपरिषदांची आधीची निवडणूक 2016 च्या अखेरीस आणि 2017 च्या सुरुवातीला झाली होती. मुदत संपल्यावर निवडणुका रखडल्या आणि तिथे प्रशासक बसले. नंतर थेट 2 डिसेंबर 2025 ला 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींसाठी मतदान ठरलं. काही ठिकाणी ते 20 डिसेंबरला झालं आणि मतमोजणी 21 डिसेंबरला झाली. मधल्या जवळपास चार वर्षांत सभागृह नव्हतं. जुना सदस्य नव्याला शेजारी बसवून "या टिपणीत हे बघायचं असतं" असं सांगतो, ती साखळी तुटली. अनेक ठिकाणी कर्मचारीही बदलले. शिवाय प्रशासकाच्या काळात सगळे निर्णय एकाच सहीने झाले. त्या काळातले ठराव, मंजूर झालेली कामं आणि न दिलेली देयकं यांची यादी नव्या सभागृहाने पहिल्याच महिन्यात मागून घ्यावी. नाहीतर नव्या अंदाजपत्रकातला बराच पैसा जुनी बिलं भागवण्यातच जातो, आणि हे जूनमध्ये कळतं.

निकाल लागल्यावर लगेच कोणते कागद सांभाळायचे?

पहिला निवडणूक खर्चाचा हिशेब. निकालापासून 30 दिवसांच्या आत तो सादर करावा लागतो, हरलेल्यांनीसुद्धा. हार-गुलालात हे राहून जातं आणि पुढे अपात्रतेची नोटीस येते. हिशेब दिल्याची पोच जपून ठेवा.

दुसरा जात वैधता प्रमाणपत्राचा. राखीव जागेवर निवडून आला असाल आणि अर्जासोबत फक्त पडताळणीच्या प्रस्तावाची पावती जोडली असेल, तर तुम्ही हमीपत्र दिलेलं आहे. त्यातल्या मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर निवड रद्द होते. जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव पडून राहिला हे कारण चालत नाही. तेव्हा दर पंधरवड्याला समितीच्या कार्यालयात लेखी विचारणा करा आणि प्रत्येक पोच ठेवा.

तिसरी गटाची नोंदणी. पक्षाच्या किंवा आघाडीच्या सदस्यांचा गट जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवला जातो. कोऱ्या कागदावर सह्या करू नका. नोंदणीच्या अर्जात गटनेता कोण लिहिलाय ते वाचूनच सही करा, कारण पुढे पक्षादेश (व्हिप) त्याच्याकडून येणार.

पद कशामुळे जाऊ शकतं?

कलम 16 मध्ये उमेदवार आणि सदस्यासाठीच्या अनर्हता (अपात्रतेची कारणं) आहेत, कलम 44 मध्ये पदावर असताना लागू होणाऱ्या. नगरपरिषदेच्या कंत्राटात हितसंबंध, मागणीचं बिल येऊनही न भरलेली थकबाकी, दोनपेक्षा जास्त अपत्यांची अट, परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजेरी, ही त्यातली ठळक कारणं.

नवे सदस्य सर्वांत जास्त फसतात ते बेकायदा बांधकामाच्या तरतुदीत. स्वतः, पती-पत्नी किंवा अवलंबून असलेल्या व्यक्तीने केलेलं अनधिकृत बांधकाम तर त्यात येतंच. पण अतिक्रमण पाडायला आलेल्या पथकाला आडवं जाणं किंवा "ही कारवाई थांबवावी" असं लेटरहेडवर लिहून देणं हेसुद्धा त्यात येतं. वॉर्डातला माणूस रडत दारात येतो, आपण माणुसकीने चार ओळी लिहून देतो, आणि दोन वर्षांनी तेच पत्र विरोधक जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवतात. मदत करायचीच असेल तर त्याला नोटिशीला मुदतीत उत्तर द्यायला, नियमित होण्यासारखं बांधकाम असेल तर तो अर्ज करायला आणि वकील गाठायला मदत करा. कारवाई थांबवण्याचं पत्र लिहू नका.

लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यासाठी नगरसेवक लोकसेवक ठरतो, हेही लक्षात असू द्या. ठेकेदाराने "सगळ्यांनाच देतो" म्हणून पुढे केलेलं पाकीट त्या कायद्यात बसतं. तक्रारीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक 1064 आहे.

नगरसेवक मुख्याधिकाऱ्याला किंवा कर्मचाऱ्याला आदेश देऊ शकतो का?

एकटा नगरसेवक नाही. अधिकार सभेचा आहे, समितीचा आहे, काही बाबतींत नगराध्यक्षांचा आहे. अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची. सदस्याकडे प्रश्न विचारणं, माहिती मागणं, ठराव मांडणं, मत देणं आणि कामातला दोष लेखी लक्षात आणून देणं ही हत्यारं असतात. ती नीट वापरली तर पुरेशी आहेत.

व्हॉल्व्हमनला दमात घेऊन आपल्या गल्लीत अर्धा तास जास्त पाणी सोडायला लावलं की शेजारच्या गल्लीत अर्धा तास कमी जातं. उद्या त्या गल्लीचा सदस्यही तेच करतो. मग वेळापत्रक कोणाच्याच हातात राहत नाही.

पहिल्या सभेची विषयपत्रिका आली. ती वाचायची कशी?

आधी तारीख बघा. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी आणि विशेष सभेची तीन पूर्ण दिवस आधी मिळायला हवी. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस मिळाल्याचा आणि सभेचा दिवस सोडून. सभा 20 तारखेला असेल तर नोटीस 12 तारखेपर्यंत हातात पडली पाहिजे. नोटिशीच्या पोचेवर सही करताना त्या दिवसाची खरी तारीख आणि वेळ घाला. शिपायाने सांगितलेली मागची तारीख घालू नका.

मग प्रत्येक विषयाखाली टिपणी जोडलेली आहे का ते बघा. विषयपत्रिकेत नुसतं "प्रभागातील विविध विकासकामांना मंजुरी देणे" असं लिहिलेलं असतं. कोणती कामं, किती रकमेची, कोणत्या निधीतून, हे टिपणीत असतं. टिपणी नसेल तर सभेच्या आधीच लेखी मागा. ती वाचताना पाच गोष्टी शोधा: रक्कम किती, निधी कोणता, त्या निधीतून हे काम चालतं का, जागा कोणाच्या नावावर आहे, आणि आज हा विषय मंजूर झाला नाही तर काय अडतं. पाचव्याचं उत्तर बहुतेक वेळा "काही अडत नाही" असं येतं. मग "टिपणीसह पुढील सभेत ठेवावा" अशी सूचना मांडायला मुळीच कचरू नका.

"मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे" हा पहिला विषय लोक चहा पीत घालवतात. तोच सर्वांत काळजीने वाचायचा, कारण मागच्या सभेत तोंडी जे ठरलं आणि कागदावर जे उतरलं त्यातला फरक पकडायची सोयीची जागा तीच असते.

"ऐनवेळचे विषय" म्हणजे काय आणि त्यांची एवढी भीती का घालतात?

विषयपत्रिकेच्या शेवटी "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय" अशी ओळ असते. खरोखरच तातडीचं काही आलं तर सोय म्हणून ती आहे. त्याच ओळीतून जागा भाड्याने देणं, ठेक्याला मुदतवाढ, आरक्षणात बदल असे टिपणी नसलेले मोठे विषय सरकवले जातात. लोक उठायच्या घाईत असतात, "मंजूर, मंजूर" होतं. शेवटपर्यंत बसा. ऐनवेळी कोणते विषय आले ते आपल्या वहीत क्रमांकासह लिहून घ्या. आर्थिक बोजा असलेला विषय ऐनवेळी आला तर "टिपणी नसल्याने माझा विरोध, नोंद घ्यावी" एवढं मोठ्याने सांगा.

मी विरोध केला होता, पण इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" लिहिलंय. आता?

सभेतच विरोध नावानिशी नोंदवायला सांगायचं आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांना पत्र द्यायचं: सभेची तारीख, विषय क्रमांक, विरोधाचं कारण दोन ओळींत. आवक क्रमांक घ्यायचा. इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती मागायची आणि ते पत्र दाखवायचं. दुरुस्ती झाली नाही तरी तुमचा कागद राहतो. तो महत्त्वाचा का? नगरपरिषदेच्या पैशाचं नुकसान किंवा गैरवापर झाला तर त्यात सहभागी असलेल्या सदस्यांवर वैयक्तिक जबाबदारी येऊ शकते. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो तेव्हा बाजूने कोण होतं आणि विरोधात कोण, हे कागदावरूनच ठरतं.

ठरावच बेकायदा वाटत असेल तर कलम 308 खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. अर्जासोबत टिपणी, ठरावाची प्रत आणि कोणत्या नियमाचा भंग झाला तो नेमका नियम जोडा. नुसत्या "मनमानी कारभार" या शब्दांवर काही होत नाही.

अंदाजपत्रकातलं काहीच कळत नाही. सुरुवात कुठून करू?

रकान्यांपासून. एका ओळीत साधारण पाच आकडे असतात: मागच्या वर्षाची प्रत्यक्ष रक्कम, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षात आतापर्यंत प्रत्यक्ष आलेली किंवा गेलेली रक्कम, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. नवखा माणूस शेवटचा आकडा वाचतो. वाचायचे असतात पहिला आणि तिसरा.

समजा मालमत्ता करासमोर चालू वर्षाचा अंदाज 1 कोटी 80 लाख, डिसेंबरअखेर वसुली 70 लाख आणि पुढच्या वर्षाचा अंदाज 2 कोटी आहे. उरलेल्या तीन महिन्यांत 1 कोटी 10 लाख येणार का? मार्चमध्ये वसुलीची मोहीम जोरात असते हे खरं, पण मागच्या वर्षाच्या प्रत्यक्ष रकमेवरून अंदाज बांधता येतो. तिथेही 1 कोटी 20 लाखच दिसत असतील, तर पुढच्या वर्षाचे 2 कोटी कागदावरचेच आहेत. त्या फुगवलेल्या जमेवर खर्चाची कामं धरली जातात, अंदाजपत्रक "शिलकी" दिसतं, आणि ऑक्टोबरमध्ये ठेकेदार देयकासाठी चकरा मारू लागतात.

दुसरी पायरी म्हणजे बांधलेला खर्च वेगळा काढणं. पगार, निवृत्तिवेतन, पाणी उपसण्याचं आणि पथदिव्यांचं वीजबिल, घनकचऱ्याचा ठेका, कर्जाचे हप्ते. 1999 मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. तेव्हापासून पगाराचा मोठा भार शासनाच्या सहायक अनुदानावर आहे. हे सगळं वजा जाता स्वतःच्या उत्पन्नातलं जे उरतं, तेवढ्यावरच सभागृहाचं खरं स्वातंत्र्य. लहान गावांत हा आकडा इतका छोटा निघतो की नव्या सदस्याला धक्का बसतो. तो धक्का पहिल्या वर्षी बसलेला बरा.

तिसरी पायरी, बांधील निधी ओळखणं. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या अनुदानात, दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांसाठी 60 टक्के रक्कम बंधित होती: निम्मी स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, निम्मी पाण्यासाठी. उरलेले 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार करता येत नव्हता. "वित्त आयोगाचे पैसे पडून आहेत, मग माझी गल्ली का होत नाही?" या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथे सापडतं. स्वतःच्या उत्पन्नातून महिला व बालकल्याणासाठी 5 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के राखून खर्च करायचे असतात. हा खर्च खरोखर झाला का, हे प्रत्येक वर्षी विचारा, कारण तो बहुधा मार्चअखेर शिल्लक निघतो.

अंदाजपत्रकाची विशेष सभा फेब्रुवारीत होते. प्रत हातात येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. आपल्या प्रभागाच्या मागण्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लेखी द्या, म्हणजे मसुद्यात जागा मिळते.

ठराव झाला, तरी वॉर्डातला रस्ता का होत नाही?

कारण ठराव ही मधली एक पायरी आहे. अभियंता जागेवर जाऊन मोजमाप घेतो. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून कामाचं अंदाजपत्रक बनतं. त्याला सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता लागते, मग प्रशासकीय मान्यता, निधीची तरतूद, ई-निविदा, तुलनात्मक तक्ता, दरास मंजुरी, करारनामा आणि कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत नोंद, त्रयस्थ संस्थेची तपासणी, देयक, आणि त्यानंतर दोष दायित्व कालावधी, ज्यात खराब झालेलं काम ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं.

फाइल अडते ती ठरावीक ठिकाणी. कामाच्या नावात "अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत" असं लिहिलं आणि ती दोन घरं जिथे आहेत तिथे रस्ता आधीच झालेला निघाला. जागा खासगी, सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर नगरपरिषदेचं नाव नाही. खालची जलवाहिनी बदलायची आहे, म्हणून पाणीपुरवठा विभाग नाहरकत देत नाही. (तो नाही म्हणतो तेव्हा बरोबर असतो. नवा रस्ता सहा महिन्यांत खोदण्यापेक्षा वाहिनी आधी टाकलेली केव्हाही बरी.) निविदेला प्रतिसाद नाही, कारण ठेकेदारांची जुनी देयकं थकली आहेत. किंवा कोणी फारच कमी दराने निविदा भरली आणि आता त्या दरात काम परवडत नाही म्हणून टाळतोय.

म्हणून "कधी होणार?" असं विचारू नका. "फाइल आज कोणत्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून, आणि कोणता कागद कमी आहे?" असं विचारा. या प्रश्नाला मोघम उत्तर देता येत नाही.

काम सुरू असताना नगरसेवकाने जागेवर काय बघायचं?

नारळ फोडून परत यायचं नाही. काँक्रीट रस्त्याचं उदाहरण घेऊ. लांबी 100 मीटर, रुंदी 4 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर म्हणजे 60 घनमीटर काँक्रीट. तीच जाडी 12 सेंटिमीटर पडली तर 48 घनमीटर. वरून बघणाऱ्याला दोन्ही रस्ते सारखेच दिसतात, पण 12 घनमीटर काँक्रीट गायब असतं आणि दोन पावसाळ्यांत तडे जातात.

हे पकडायची वेळ एकच: काँक्रीट पडण्याआधी. दोन्ही बाजूंना चॅनेल (काँक्रीट अडवायच्या लोखंडी पट्ट्या) लावले की त्यांच्यावर आडवी दोरी ताणायला सांगा. दोरीपासून खालच्या थरापर्यंत टेपने मोजा, मधोमध आणि दोन्ही कडांपासून हातभर आत. कडेला 15 भरतं आणि मध्ये 11, असं बरेचदा निघतं, कारण खालचा थर मध्ये उंच ठेवलेला असतो. असे दर दहा मीटरवर मोजून आकडे लिहून घ्या आणि टेप दिसेल असा फोटो काढा.

गाडीतून आलेल्या काँक्रीटमध्ये जागेवर पाइपने पाणी सोडत असतील तर ते तिथल्या तिथे अभियंत्याला दाखवा. माल पसरायला सोपा जातो, ताकद मात्र घटते. 15 सेंटिमीटरचे चाचणी ठोकळे त्याच मालातून भरले जातात का ते बघा. त्यांचा 28 दिवसांचा अहवाल देयकाच्या फायलीत असला पाहिजे. नंतर किमान 14 दिवस पाणी मारणं, आळी करून किंवा ओली पोती टाकून. आमच्या मते रस्ते सर्वांत जास्त इथेच मरतात, कारण ओतल्यावर ठेकेदाराची माणसं दुसऱ्या कामावर जातात. वेळेत सांधे कापले नाहीत तर रस्ता स्वतःच हवा तिथे फाटतो.

दोष दिसला तर ठेकेदाराशी भांडू नका, त्याला तुमचं ऐकण्याचं बंधन नाही. अभियंता आणि मुख्याधिकाऱ्यांना त्याच दिवशी फोटोसह पत्र द्या आणि "दुरुस्तीशिवाय देयक अदा करू नये" असं लिहा.

पाण्याच्या तक्रारी संपतच नाहीत. त्यात सदस्याने काय अभ्यास करायचा?

आधी हिशेब. भुयारी गटार योजना असलेल्या शहरात माणशी रोज 135 लिटर आणि ती नसलेल्या शहरात 70 लिटर हे पाणी योजना आखतानाचं प्रमाण आहे. 30,000 लोकवस्तीला 135 च्या हिशेबाने रोज चाळीस लाख पन्नास हजार लिटर लागतात. आता शुद्धीकरण केंद्रातली नोंदवही मागा: पंप किती तास चालतो, तासाला किती लिटर उचलतो. गुणाकार मागणीपेक्षा जास्त येतो आणि तरी लोक ओरडतात, तर प्रश्न स्रोताचा नाही, गळतीचा आणि वाटपाचा आहे. नव्या धरणाची मागणी करून तो सुटत नाही. टाकीनिहाय मीटर, जुन्या वाहिन्या बदलणं आणि व्हॉल्व्हचं वेळापत्रक लागतं.

दोन-तीन दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात पहिलं पाणी गढूळ येतं. वाहिनी रिकामी झाली की फुटक्या सांध्यातून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. म्हणून शेवटच्या नळावर ओ.टी. चाचणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी, करून घ्या. तिथे क्लोरीन किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर राहिलं पाहिजे. टाकीपाशी पिवळा रंग दाखवून कोणी समाधान करत असेल तर त्याला वाहिनीच्या टोकाला घेऊन जा.

विकास योजनेचा नकाशा सामान्य सदस्याला कशाला हवा?

बाग, शाळा, मैदान, दवाखाना यांच्या जागा त्यावर ठरलेल्या असतात आणि त्या हातच्या जाऊ शकतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार, योजना अंमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. नोटीस येते, फायलीला लागते, मुदत निघून जाते. वॉर्डाचं मैदान गेलं हे लोकांना कळतं ते तिथे पाया खणल्यावर.

म्हणून नगररचना विभागाला एकच प्रश्न लेखी विचारा: आजवर कलम 127 च्या किती नोटिसा आल्या, कोणत्या आरक्षणांवर, आणि प्रत्येकीची मुदत कधी संपते? हा प्रश्न दर सहा महिन्यांनी विचारण्यासारखा आहे.

व्हिप म्हणजे प्रत्येक वेळी पक्ष सांगेल तसंच मत द्यायचं?

पक्षादेश लेखी बजावला असेल आणि तो मोडला, तर महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 खाली अपात्रतेची कारवाई होऊ शकते. पण रोजच्या विषयांवर क्वचितच व्हिप निघतो. टिपणी मागणं, प्रश्न विचारणं, मोजमाप तपासणं यावर कोणाचाही पक्षादेश नसतो. गटाच्या बैठकीत आधी बोला आणि कारण पटवून द्या, बरंच काही तिथेच सुटतं.

निवडून पत्नी आली, पण काम पती बघतात. चालतं का?

सभेत, समितीत, सहीत नाही चालत. राज्यात 2011 पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत आणि निवडून आलेली व्यक्ती तीच सदस्य असते. पतीने विषयपत्रिका स्वीकारणं, कार्यालयात बसून कर्मचाऱ्यांना सूचना देणं, पत्नीच्या लेटरहेडवर परस्पर पत्रं देणं, यात अडचण आली तर पद तिचं जातं, नोटीस तिला येते. घरातल्यांनी मदत करायचीच असेल तर घरकाम आणि मुलांची जबाबदारी उचलावी, म्हणजे तिला फाइल वाचायला वेळ मिळेल. पहिल्या दोन-तीन सभा अवघड जातात. सभेच्या आदल्या दिवशी एका विषयावर दोन प्रश्न लिहून न्यायचे आणि ते कागदावरून वाचायचे. वाचून विचारलेला प्रश्नही इतिवृत्तात तसाच नोंदवला जातो.

स्वीकृत सदस्याला मत असतं का?

नाही. स्वीकृत सदस्य निवडून न येता नेमलेला असतो. त्याला चर्चेत भाग घेता येतो, मतदान करता येत नाही.

नगराध्यक्ष एका पक्षाचे आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं. मग काम कसं होणार?

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येत असल्यामुळे असं होऊ शकतं. दोघांकडेही एकमेकांची कामं अडवण्याइतकी ताकद असते. तिथे विषय समित्या उपयोगी पडतात: बांधकाम, पाणीपुरवठा, आरोग्य व स्वच्छता, नियोजन, महिला व बालकल्याण. पाणी आणि कचरा यांवर समितीत एकत्र बसणं सोपं जातं, कारण तिथे भाषणं ऐकायला गॅलरी नसते. समितीत जागा मागताना मानाची समिती मागू नका, ज्या विषयात रोज दोन तास द्यायची तयारी आहे तीच मागा.

आमचा नगरसेवक शिकतोय की नाही, हे आम्ही नागरिकांनी कसं ओळखायचं?

इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वर्षभरातल्या सभांमध्ये त्याची हजेरी किती, त्याच्या नावावर प्रश्न किती, किती सूचनांवर तो सूचक किंवा अनुमोदक आहे, हे तासाभरात दिसतं. आणि त्याला एकच विचारा: "आपल्या प्रभागासाठी या वर्षी कोणत्या निधीतून किती तरतूद आहे?" आकडा आणि निधीचं नाव दोन्ही सांगता आलं तर तो अंदाजपत्रक उघडतो.

त्याच्याकडून मागताना मात्र विचार करा. जन्म-मृत्यूचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, नळजोडणी यांसाठी 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमात मुदती ठरलेल्या आहेत आणि आपले सरकार पोर्टलवर अर्ज करता येतो. त्या कामांसाठी सदस्याला रोज फिरवलं तर फायली वाचायला त्याला वेळ उरत नाही.

नगरसेवकाने पत्र कसं लिहावं, म्हणजे ते बाजूला पडणार नाही?

एका पत्रात एकच विषय. वरच्या ओळीत प्रभाग क्रमांक, जागेची खूण आणि मागणी. पुढे वस्तुस्थिती मोजून: "चार खांबांवरचे दिवे 3 तारखेपासून बंद", "अनेक दिवे अनेक दिवस" नव्हे. मग संबंधित ठराव किंवा मागच्या पत्राचा आवक क्रमांक. शेवटी कोणाकडून काय आणि कोणत्या तारखेपर्यंत हवं ते. मूळ पत्र आवक विभागात द्या, साहेबांच्या हातात नको, आणि स्थळप्रतीवर (आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर) शिक्का, क्रमांक, तारीख घ्या. एका वहीत पत्रांची यादी ठेवा: तारीख, विषय, आवक क्रमांक, उत्तर. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिल्या पत्राचा हवाला देऊन स्मरणपत्र, आणि तेही निष्फळ गेलं तर दोन्ही पत्रांच्या प्रतींसह जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेकडे.